दहा आकड्यांचा मुलूख

आईचा निरोप आला तेव्हा मघाच्या हातात पोह्यांची बशी होती. निरोप तिने तीनदा वाचला. मग बशी ठेवली आणि पुन्हा एकदा वाचला.

«७३१४०९२६५८. आजोबांना सोबत ने. शेवटच्या पारावर भेटू.»

बस्स. एवढंच. ना 'कशी आहेस', ना 'दात घासले का'.

मघाची आई, विशाखा, मंगळावर होती. तिथल्या दगडांचा अभ्यास करायला गेलेल्या चौदा जणांपैकी एक. तिकडून प्रत्येक घराला रोज साठ अक्षरं पाठवायची मुभा होती. बाकीची सगळी जागा हवेच्या मोजमापांना आणि यंत्रांच्या तब्येतीला लागायची. आणि आजपासून तर साठ अक्षरंही बंद होणार होती. चौदा दिवस.

खिडकीतून काळेपठारची मोठी अँटेना दिसत होती. वसाहतीतली मुलं तिला परात म्हणत. एरवी परात आकाशात मंगळ जिथे असेल तिकडे तोंड करून बसलेली असायची. आज सकाळी हा शेवटचा निरोप उतरवून घेतल्यावर ती हळूहळू फिरली आणि थेट वर बघत थांबली, घासून सुकायला ठेवल्यासारखी. मघाचे बाबा तिथेच दुरुस्तीच्या कामावर होते. परात रिकामी असली की तिच्या सांध्यांना वंगण घालायचं, असा तिथला शिरस्ता. ते डबा घेऊन पहाटेच गेले होते.

"चौदा दिवस का पण?" मघाने विचारलं. ऐकलं होतं सगळं, तरी विचारलं.

आजोबांनी टेबलावरचा चहाचा कप मधोमध ठेवला. एका बाजूला बिस्किट, दुसऱ्या बाजूला साखरेची पुडी. "हा कप म्हणजे सूर्य. बिस्किट म्हणजे आपण. पुडी म्हणजे मंगळ. आता तिघं एका ओळीत आले. याला युती म्हणतात (मंगळ आपल्याकडून बघताना सूर्याच्या पाठीमागे जाणं). सूर्याभोवती तापलेल्या वायूचं मोठं वलय असतं. आपला निरोप त्यातून जाताना फाटतो, अक्षरं गळतात. अर्धामुर्धा हुकूम यंत्राला पोचला तर ते भलतंच काही करून बसेल. म्हणून दोन्हीकडचे लोक शहाण्यासारखे गप्प बसतात."

"आणि माझा वाढदिवस नवव्या दिवशी आहे."

आजोबांनी बिस्किट खाल्लं आणि साखरेची पुडी खिशात ठेवली. ती पुडी आगगाडीत मिळालेली होती, चार वर्षांपूर्वी.

आजोबा, दिगंबर सातपुते, म्हणजे आईचे वडील. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं : ग्रहांवर जाणारे निरोप कमीत कमी अक्षरांत बसवणं. त्या कामाने माणसाचा स्वभाव बनतो, की त्या स्वभावाचा माणूसच ते काम धरतो, हे सांगणं कठीण. त्यांच्या खणात रबरबँड होते, औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, आणि कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेला सहा कपांचा संच होता. त्यात अजून एकाही पाहुण्याने चहा प्यालेला नव्हता. कपाट उघडलं की ते म्हणत, "वापरले आणि फुटले तर?"

"'शेवटचा पार' मला माहितेय," मघा म्हणाली. "तो आमच्या खेळात आहे. आईकडे तिकडेही तोच खेळ आहे."

खेळाचं नाव 'धुक्याचा मुलूख'. त्यात डोंगर, जंगलं, डोहातल्या आसरा, दगडाचे राक्षस, आणि वाटेवर मोठ्या झाडांखाली बांधलेले पार. पारावर बसलं की तिथपर्यंतचा प्रवास जतन होतो. शेवटच्या पारावर पोचलं की खेळ पुरा, आणि एकदा पुरा केला की पुढे कुठल्याही मुलखात थेट तिथेच उतरता येतं; मघाचा अजून एकदाही पुरा झाला नव्हता. खेळ सुरू करताना एक रिकामी चौकट येते : 'मुलखाचा आकडा'. मघा ती नेहमी रिकामीच सोडायची. मग खेळ स्वतःच कुठलातरी आकडा घ्यायचा.

आज तिने आईचे दहा आकडे तिथे टाकले. पडद्यावरचं धुकं बाजूला झालं आणि खाली एक अख्खा देश होता. जांभळ्या गवताची कुरणं, वळत गेलेली नदी, आणि क्षितिजापर्यंत एकामागे एक डोंगर.

मघा पडद्याच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "आजोबा, हा एवढा मोठा मुलूख साठ अक्षरांत आला कसा?"

"आला नाही," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "हा मुलूख चित्रासारखा पाठवायचा ठरवला असता, तर रोज साठ अक्षरांनी तुझी नातवंडं म्हातारी झाली असती. वही आण. दोन आण. आणि माझी वही मागून कोरी आहे तीच आण, नवी काढू नकोस."

त्यांनी नियम सांगितला. एक संख्या घ्यायची. तिला तेराने गुणायचं. त्यात सात मिळवायचे. उत्तराचे शेवटचे दोन आकडे ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. जी संख्या उरली तिला पुन्हा तोच नियम. प्रत्येक संख्येला वहीत एक चौकोन. तीसपर्यंतची संख्या आली तर डोंगर काढायचा, एकतीस ते साठ आली तर पाणी, त्यापुढे जंगल.

"सुरुवात कुठून?"

"आईच्या खोलीचा नंबर काय?"

"सव्वीस."

"मग सव्वीस. तू गॅलरीत बस, मी स्वयंपाकघरात बसतो. मध्ये दार बंद. बोलायचं नाही. सूर्य मध्ये आलाय असं समज."

मघा गॅलरीत बसली. सव्वीस तेरे तीनशे अडतीस. अधिक सात, तीनशे पंचेचाळीस. शेवटचे दोन आकडे पंचेचाळीस. पाणी. पंचेचाळिसाला पुन्हा तेराने गुणून सात मिळवले, पाचशे ब्याण्णव. ब्याण्णव. जंगल. मग शून्य तीन, डोंगर. शेहेचाळीस, पाणी. शून्य पाच, डोंगर. बहात्तर, जंगल. पुढे कुठली संख्या येणार याचा काही म्हणता काही अंदाज लागत नव्हता. फाशाने दान टाकावं तशा कुठल्याही येत होत्या.

आठ चौकोन झाल्यावर तिने दार उघडलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

पाणी, जंगल, डोंगर, पाणी, डोंगर, जंगल, पाणी, जंगल. स्वयंपाकघरातही तेच. गॅलरीतही तेच. तिचे डोंगर टोकदार होते आणि आजोबांचे वडापावसारखे, एवढाच फरक.

"आपण एकमेकांना काहीच सांगितलं नाही," मघा हळूच म्हणाली.

"एक आकडा सांगितला. नियम दोघांकडे आधीच होता. याला आभासी यादृच्छिक संख्या म्हणतात (दिसायला कशाही येणाऱ्या, पण खरं तर नियमाने बांधलेल्या). आता पंचवीसने सुरू करून बघ."

तिने केलं. बत्तीस, तेवीस, शून्य सहा, पंच्याऐंशी. पहिल्या चौकोनात पाणीच आलं, पण दुसऱ्यात जंगलाच्या जागी डोंगर उभा राहिला, आणि पुढची वाट भलतीकडेच फुटली. आकडा फक्त एकाने बदलला होता.

"खेळाचा नियम याच्यापेक्षा खूप गुंतागुंतीचा आहे," आजोबा म्हणाले, "पण जात हीच. दहा आकडी संख्या म्हणजे एक हजार कोटी मुलूख. आणि त्यातला एकही कुठे ठेवलेला नाही. तू पाऊल टाकतेस तेव्हा पुढचा डोंगर गणित करून उभा राहतो. तू निघून गेलीस की मिटतो. परत आलीस की तोच, तसाच, दगडासकट."

मघाने पडद्याकडे पाहिलं. लांब धुक्यात एक डोंगर होता. अजून तो नव्हताच, आणि तरी ठरलेला होता. मंगळावरही तोच.

"आईने भेटायला बोलावलंय," ती म्हणाली. "वाढदिवसालाच असणार. नऊ दिवस आहेत. आजोबा, हा जोडीचा खेळ आहे. एकट्याने नदी ओलांडताच येत नाही. तुम्हाला शिकावं लागेल."

आजोबा काही बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग चष्मा पुसला. "शिकव," ते म्हणाले.

शिकवणं सोपं नव्हतं. आजोबांचा खेळाडू, हिरव्या अंगरख्यातला एक तिरंदाज, पहिला अर्धा तास भिंतीत तोंड घालून चालत होता.

"दांडी उजवीकडे, आजोबा. तुमची उजवी."

"माझी उजवी मला माहितेय. त्याची कुठली ते कळत नाहीये."

मग एका झोपडीत शिरायची वेळ आली. मघा म्हणाली, "कोपऱ्यातली मडकी उघडा. आत कुप्या असतात, लाल औषधाच्या. घेऊन टाका."

"कुणाचं घर आहे हे?"

"कुणाचंच नाही. खेळातलं."

"चूल पेटलेली आहे. माणूस बसलाय समोर. त्याला न विचारता त्याची मडकी उघडू?"

"सगळे उघडतात!"

"सगळ्यांच्या आया मंगळावर नसतात. भेटल्यावर काय सांगायचं तिला, आम्ही लोकांची मडकी फोडत आलो?"

शेवटी ते त्या माणसापुढे उभे राहिले. बोलायचं बटण दाबल्यावर तो म्हणाला, "आज हवा छान आहे." आजोबा खूश होऊन निघाले.

"थांबा. परत बोला. इथे प्रत्येकाशी दोनदा बोलायचं. पहिल्यांदा हवापाण्याचं बोलतात. दुसऱ्यांदा खरं सांगतात."

दुसऱ्यांदा तो माणूस म्हणाला, "मडक्यातल्या कुप्या घेऊन जा, वाटेत लागतील."

"बघ!" आजोबा म्हणाले. "विचारलं की देतात."

असे दिवस गेले. शाळेतून आली की मघा दप्तर टाकायची आणि आजोबा तिच्याआधीच पडद्यासमोर बसलेले असायचे. तिने सांगितलेलं सगळं ते वहीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहायचे. आपल्यापेक्षा चौपट मोठा कुणी दिसला की लढायचं नाही, पळायचं. पार दिसला की घाई असली तरी बसायचं. नकाशावर जिथे काहीच दाखवलेलं नाही तिथे आधी जायचं. आणि जखम झाली की कुपी प्यायची, लगेच. हे शेवटचं त्यांनी लिहिलं, पण पाळलं नाही.

आठव्या दिवशी ते खिंडीत पोचले. पलीकडे शेवटचा पार. खिंडीत दगडाचा राक्षस होता, ढेकळ्या. मघा पुढून तलवारीने, आजोबा मागून बाणांनी. आजोबांना एक फटका बसला. दुसरा बसला. त्यांच्या नावाखालची लाल पट्टी सुतासारखी बारीक झाली.

"कुपी! कुपी घ्या!"

"आहे अजून थोडा जीव."

तिसऱ्या फटक्याला तिरंदाज आडवा झाला. जोडी तुटली. पडदा काळा. मागचा पार दोन तास मागे होता.

मघाने त्यांची थैली उघडून बघितली. तीस कुप्या. ओळीने लावलेल्या.

"तीस!" ती ओरडली. "तीस कुप्या जवळ असताना मेलात? कशासाठी ठेवल्या होत्या?"

"पुढे जास्त गरज पडली असती तर?"

"याच्यापुढे काही नाहीच आजोबा! हाच शेवट आहे! उद्या वाढदिवस आहे माझा!"

ती रागाने खोलीत गेली. बाबा वंगणाच्या हातांनी दारात उभे होते. आजोबांकडे बघून म्हणाले, "मामंजी, आमच्या लग्नातला डिनर सेटही अजून खोक्यातच आहे." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबांनी मघाला ओवाळलं. आजोबांनी तिला पाहुण्यांच्या कपातून दूध दिलं. तिने कप फिरवून फिरवून बघितला. मग दोघं बसले. या वेळी खिंडीत आजोबांनी पाच कुप्या प्यायल्या, प्रत्येक वेळी "अरेरे" म्हणत. दुपारी ढेकळ्याची ढेकळं झाली.

शेवटचा पार एका कड्यावर होता. मोठं झाड, दगडी चौथरा, आणि भोवती दाट धुकं. चौथऱ्यावर एक म्हातारी बसली होती, खेळातलीच. बाकी कुणी नव्हतं.

मघाने पाराला तीन फेऱ्या मारल्या. झाडामागे पाहिलं. एखादी चिठ्ठी, दिवा, काहीतरी. काही नव्हतं.

"आई आली नाही," ती म्हणाली.

आजोबांनी दांडी खाली ठेवली. "मघा, ऐक. आकड्यातून मुलूख येतो. डोंगर, नदी, झाडं. पण त्यात कुणी काय केलं, ते आकड्यात नसतं. तिने तिकडे इथे दिवा लावला, तर तो तिच्या मुलखात लागतो. आपला मुलूख तसाच, पण वेगळा. तिने केलेलं इथे दिसायचं तर ते वेगळं कळवावं लागतं. आणि कळवायची वाट बंद आहे."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही. पहिल्याच दिवशी माहीत होतं."

मघाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग सांगितलं का नाही? मी नऊ दिवस..."

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. "पण मी तीस वर्षं निरोप वाचलेत. विशाखाला मीच शिकवलंय अक्षरं वाचवायला. ती एक कानासुद्धा फुकट घालवत नाही. आणि तिने लिहिलंय, 'भेटू'. मला वाटलं, जे मला माहीत नाही असं काहीतरी तिला माहीत असणार. अजूनही वाटतं."

आजोबांनी नाकावरचा चष्मा वर सारला, वही उलटी करून मागचं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. मग त्यांचा हिरवा तिरंदाज धडपडत म्हातारीसमोर जाऊन उभा राहिला.

"वर गार वारा आहे," म्हातारी म्हणाली.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"बसा," म्हातारी म्हणाली. "पहाटे इथलं धुकं उठतं."

खेळातली रात्र दहा मिनिटांची होती. दोघं पारावर बसून राहिले, पडद्यावरही आणि पलंगावरही. मघा नाक पुसत होती. मग पडद्याची एक कड उजळली. धुकं आधी पातळ झालं, मग त्याला भोकं पडली, मग ते उठलं.

खाली एक पठार होतं. त्याच्या टोकाला एक डोंगर, माथ्यावर दाताने चावा घेतल्यासारखी खाच असलेला. डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं, गोल, अगदी गोल, आकाशाकडे तोंड करून पडलेलं.

मघा उठून उभी राहिली. तिने पडद्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. बाहेर काळेपठारचा खाचेचा डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी, आकाशाकडे तोंड करून, परात.

हुबेहूब नव्हतं. गवत जांभळं होतं आणि खाच जरा डावीकडे झुकलेली. पण घर ओळखायला तेवढं खूप झालं.

"हे... आईने बनवलं?"

"बनवता येत नाही," आजोबांचा आवाज बारीक झाला होता. "आकड्यातून काय निघेल हे आधी सांगता येत नाही. टाकून बघावं लागतं. एकदा खेळ पुरा केला की कुठल्याही मुलखात थेट शेवटच्या पारावर उतरता येतं, तूच सांगितलंस ना? ती उतरली असणार. एक आकडा टाकायचा, पहाटेपर्यंत बसायचं, बघायचं. नाही. पुढचा आकडा. पुन्हा पहाट. शेकडो, पोरी. रोज काम संपल्यावर. एक हजार कोटींतून तिने हा शोधला."

मघा पारावर परत बसली. आत्ता, याच घटकेला, सूर्याच्या पलीकडे, सव्वीस नंबरच्या खोलीत, आई याच पारावर बसून याच तळ्याकडे बघत असेल. मध्ये एकही तार नव्हती, एकही लहर नव्हती. आणि तळं एकच होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "आली होती ती."

उरलेले पाच दिवस मघाने काय केलं ते आजोबांना दिसत होतं, पण त्यांनी विचारलं नाही. शाळेतून आली की ती आकडा टाकायची, पारावर उतरायची, पहाटेची वाट बघायची, वहीत फुली मारायची. वही त्यांचीच होती, आणि तिची एकोणीस पानं फुल्यांनी भरली. विसाव्या पानावर एक गोल आला.

पंधराव्या दिवशी परात हलली. करकर न करता हलली. बाबांनी जेवताना ते दोनदा सांगितलं. आधी यंत्रांचं बोलणं झालं, मग दुपारी घरांचे निरोप आले.

«धुकं उठलं? मी पारावर होते. थैलीत चौतीस कुप्या शिल्लक.»

मघा एवढी हसली की तिला उचकी लागली. "चौतीस! आजोबा, तुमच्यापेक्षा चार जास्त! इथून एवढ्या लांब, कुणी न सांगता, तीच चूक!"

"काटकसर आहे ती," आजोबा म्हणाले, पण कान लाल झाले होते. "नियम एकदा आत बसला की..." आणि ते थांबले, कारण त्यांनाही हसू आलं.

मघाने स्वतःची थैली काही उघडून दाखवली नाही. उघडली असती तर बावीस निघाल्या असत्या.

मग ती उत्तर लिहायला बसली. भिंतीवर आईने पहिल्या वर्षी खास परवानगी काढून पाठवलेला एकच फोटो होता : तिच्या खिडकीबाहेरचं तांबडं माळरान आणि त्यावर शेजारी शेजारी दोन काळे खडक, गप्पा मारत बसल्यासारखे. मघाने वहीतला गोल काढलेला आकडा बघून बघून लिहिला. आजोबांनी अक्षरं मोजली. साठाच्या आत होती. एक कानासुद्धा फुकट गेला नव्हता.

«४४०१८७३३९२. कुप्या वापर. या वेळी तुझ्या घरी भेटू.»

निरोप निघाला. परात त्याच्यामागे बघत राहिली. मघाने तोच आकडा इकडे टाकला आणि पारावर जाऊन बसली. पहाट व्हायला दहा मिनिटं होती, निरोप पोचायला एकवीस. धुकं उठलं तेव्हा समोर तांबडं माळरान होतं, आणि त्यावर दोन काळे खडक.

"लवकर आलो आपण," आजोबा म्हणाले.

"असू दे," मघा म्हणाली. "पाहुण्यांनी जरा आधीच यावं."